मेहरौलीचा फुलांचा मेळा

इतिहासाच्या पुस्तकांत लढायांना आणि तहांना जेवढी जागा मिळते, तिचा शतांशही जत्रांच्या वाट्याला येत नाही. इतिहास शिकविण्यात आमची जवळजवळ तीस वर्षे गेली. तेवढ्या काळात पानिपताचे व्याख्यान आम्ही किती वेळा दिले असेल याची गणती नाही. परंतु एखाद्या मेळ्यावर तासभर बोलण्याचा प्रसंग आमच्यावर एकदाही आला नाही. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही, हे एक कारण. आणि जत्रा म्हणजे बायकामुलांची व खेळणेवाल्यांची मौज, तिच्यात इतिहास तो काय असणार, ही आम्हा पढिकांची समजूत, हे दुसरे.

परंतु एका प्रश्नापुरती तरी ही समजूत बाजूस ठेवणे भाग आहे. निरनिराळ्या धर्मांच्या लोकांनी एकमेकांचे सण मिळून साजरे केले, तर त्यांच्यांत सलोखा वाढतो काय, हा तो प्रश्न होय. याची दोन ठराविक उत्तरे आपल्या सुशिक्षित मंडळींत नेहमी ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, ईदेचा शिरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ यांची देवघेव होऊ लागली म्हणजे मने आपोआप जुळतात. दुसरा म्हणतो की, हा सगळा वरवरचा देखावा. दंगा पेटला म्हणजे शिरखुर्म्याची वाटी धरलेला हातच दगड उचलतो. दोन्ही पक्षांजवळ दाखले आहेत, आणि दोन्ही उत्तरे आम्हास अपुरी वाटतात. का वाटतात, ते सांगण्यासाठी दिल्लीजवळच्या एका मेळ्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावयाची आहे. ‘फूलवालों की सैर’ या नावाने तो प्रसिद्ध आहे, आणि त्याचे स्थान मेहरौली हे होय.

मेहरौली आज दिल्ली शहरात सामावून गेली आहे. पूर्वी ती शहराच्या दक्षिणेस काही कोसांवर असलेले निराळे गाव होती. कुतुबमिनार पाहण्यास जाणारा प्रवासी या गावाच्या वेशीवरूनच परत फिरतो. मिनाराच्या पायथ्याशी कुव्वतुल-इस्लाम मशीद आहे, आणि सत्तावीस देवळांचे सामान तिच्या बांधकामास लागले, असे तिच्याच पूर्वेकडील दारावरील लेख सांगतो. ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही; सलोख्याचा इतिहास लिहिणाराने ती आधी सांगावी. त्याच परिसरात योगमायेचे देऊळ आहे. देवकीच्या आठव्या अपत्याच्या जागी आलेली आणि कंसाच्या हातून निसटून आकाशात गेलेली जी यशोदेची मुलगी, तीच ही देवी, अशी भाविकांची श्रद्धा आहे. आणि त्या देवळापासून थोड्याच अंतरावर ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांचा दर्गा आहे. अजमेरच्या ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींचे हे शिष्य आणि बाबा फरीद यांचे गुरू. यांचा अंत १२३५ साली झाला. गाणे ऐकता ऐकता त्यांची समाधी लागली आणि तीतच प्राण गेला, असे सांगतात.

दर्ग्याच्या लगत मोगल घराण्यातील काही बादशहांच्या कबरी आहेत. त्यांत एक शाह आलम याची आहे. मराठी वाचकास हे नाव परके नाही. महादजी शिंद्यांनी ज्याला दिल्लीच्या तख्तावर सांभाळले, गुलाम कादिराने १७८८ साली ज्याचे डोळे काढले, आणि महादजींनी ज्याला पुन्हा गादीवर बसविले, तोच हा बादशहा. १८०३ साली लेकच्या फौजेने शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला आणि तो आंधळा वृद्ध मराठ्यांच्या छत्राखालून इंग्रजांच्या छत्राखाली गेला. आमची हकीकत सुरू होते ती याच्या नंतर, म्हणजे याचा मुलगा दुसरा अकबरशाह याच्या कारकीर्दीत.

मेळ्याचा उगम काही उदात्त नाही, आणि आमच्या मते हीच त्यातील पहिली शिकण्याजोगी गोष्ट आहे. अकबरशाहाचा मिर्झा जहांगीर नावाचा एक लाडका मुलगा होता. यालाच युवराज करावे असा बापाचा हट्ट. इंग्रज रेसिडेंट आर्चिबाल्ड सीटन याला ते मान्य नव्हते. पोरगा उर्मट आणि व्यसनी. दिल्लीकर सांगतात की, त्याने भर दरबारात सीटनची टवाळी केली आणि पुढे एके दिवशी लाल किल्ल्यात त्याच्यावर गोळी झाडली. सीटन वाचला, आणि शहाजाद्याची रवानगी अलाहाबादेस झाली. त्याची आई मुमताज महल हिने नवस केला की, मुलगा सुटून आला तर ख्वाजासाहेबांच्या दर्ग्यास फुलांची चादर घालीन. मुलगा सुटून आला. सारा दरबार नवस फेडण्यास मेहरौलीस गेला, त्याच्यामागून निम्मी दिल्ली गेली, आणि बादशहाच्या आज्ञेने जशी दर्ग्यावर फुले वाहिली तशीच योगमायेसही वाहिली. हे १८१२ च्या सुमारास घडले. लोकांस ते इतके आवडले की, दरवर्षी पावसाळ्यात हा मेळा भरविण्याची चाल पडली. मिर्झा जहांगीर पुढे पुन्हा अलाहाबादेस गेला आणि १८२१ साली दारूपायी मेला. त्याच्या नवसाचा मेळा मात्र उरला.

ऐक्य घडवून आणण्यासाठी म्हणून हा मेळा कोणी काढला नव्हता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. त्यास कोणी अध्यक्ष नव्हता, आणि सर्वधर्मसमभाव हा शब्द त्या काळी कोणाच्या तोंडी नव्हता. एका आईचा नवस, एका बादशहाचा अदब आणि एका शहराची पावसाळी सहलीची हौस, एवढ्यावर तो उभा राहिला. याच बादशहाच्या नावाचा थोर पूर्वज पहिला अकबर; त्याने १५७५ साली फत्तेपूर सिक्री येथे इबादतखाना बांधून नाना धर्मांच्या पंडितांस वादासाठी एकत्र बसविले. ते वाद इतिहासात अमर झाले, पण त्यांतून जो पंथ निघाला तो मूठभर दरबाऱ्यांपलीकडे गेला नाही. ज्याचे राज्य लाल किल्ल्याच्या भिंतींपर्यंतच उरले होते, अशा त्याच्या दुबळ्या वंशजाच्या पदरी मात्र एक टिकाऊ गोष्ट पडली. वादात जिंकावे लागते. फुले वाहण्यात कोणी हरत नाही.

मेळ्याचे स्वरूप असे होते. भाद्रपदाच्या सुमारास, पावसाची झड ओसरू लागली म्हणजे, शहरातील लोक गाड्यांतून, पालख्यांतून आणि बहुतेक पायीच मेहरौलीची वाट धरीत. अल्तमशाने बांधलेला शम्सी तलाव तुडुंब भरलेला असे. त्याच्या काठी पोहणाऱ्यांच्या पैजा लागत, अमराईत झोके बांधले जात, पतंगांचे सामने होत, आखाड्यांतले पहिलवान हात दाखवीत. परंतु मुख्य सोहळा पंख्याचा. बांबूचा उंच सांगाडा करून त्यास पंख्याचा आकार द्यावयाचा, तो बेगडाने व फुलांनी मढवावयाचा, आणि सनई, ढोल व मशाली यांच्या मिरवणुकीतून गावभर न्यावयाचा. एके दिवशी पंखा योगमायेच्या देवळात जाई, आणि दुसऱ्या दिवशी तशाच थाटाने दर्ग्यात जाई.

या पंख्याभोवती कोण असत, हे पाहण्याजोगे आहे. मेळ्याचे नावच मुळी बादशहाचे नाही, फुलवाल्यांचे आहे. फुले खुडणारा, ती गुंफणारा, बांबू तासणारा, बेगड चिकटविणारा, सनई वाजविणारा, मिठाई तळणारा, या सर्वांची वर्षाची कमाई त्यात गुंतलेली असे. माळी हिंदू की मुसलमान, हे चादरीच्या फुलांवर लिहिलेले नसते. ज्या उत्सवात दोन समाजांचे पुढारी तेवढे हारतुऱ्यांची देवघेव करतात, त्याचे आयुष्य पुढाऱ्यांच्या मर्जीइतकेच असते; ज्यात दोन समाजांच्या कारागिरांचे पोट गुंतलेले असते, तो मोडू नये असे वाटणारी माणसे दर गल्लीत सापडतात.

अकबरशाहामागून बहादुरशाह जफर गादीवर आला. या कविमनाच्या बादशहास मेहरौलीचा फार लोभ. बापाने तेथे बांधलेल्या वाड्यास त्याने हत्ती आत जाईल असा भव्य दरवाजा जोडला. त्याच्या दरबारच्या रोजनिशीत या मेळ्यासंबंधी एक लहानशी नोंद सापडते. एके वर्षी बादशहाने जाहीर केले की, पंख्याबरोबर मला देवळात जाता येत नाही, तेव्हा दर्ग्यातही मी पंख्याबरोबर जाणार नाही.

या एका वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. तो देवळात का गेला नाही, याची अनेक कारणे असू शकतील. तो मुसलमान होता आणि आपल्या धर्माची मर्यादा त्यास ठाऊक होती. मूर्तीपुढे हात जोडून त्याला लोकप्रियता मिळवावयाची नव्हती. परंतु जो मान एका ठिकाणी देता येत नाही तो दुसऱ्या ठिकाणी अधिक देऊन तागडीचे एक पारडे खाली जाऊ द्यावयाचे नाही, हेही त्याला कळत होते. दोन्ही श्रद्धांचे कालवण करून एक तिसरीच श्रद्धा निर्माण करणे, आणि दोन्ही श्रद्धांस आपापल्या जागी राहू देऊन दोघींस सारखा मान देणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली थोड्या साधुपुरुषांस साधते. दुसरी सामान्य माणसास साधण्याजोगी आहे, कारण तीत कोणाला आपला देव सोडावा लागत नाही.

याच शतकात दिल्लीत शाह इस्माईल यांच्यासारखे कडवे सुधारक दर्ग्यांवरील नवसासायासांवर कोरडे ओढीत होते, आणि पुढे हिंदूंतही पीर-फकिरांच्या भजनी लागणाऱ्यांस दोष देणारे सुधारक निघाले. त्यांच्या आक्षेपांत तथ्य नव्हते, असे आम्ही म्हणत नाही. परंतु बादशहाच्या त्या नियमात या आक्षेपांचे उत्तर आहे. शेजाऱ्याच्या देवास नमस्कार न करताही त्याच्या देवळाच्या दारापर्यंत फुले पोचविता येतात.

१८५७ साली हा नियम कठीण कसोटीस लागला. दिल्लीस वेढा पडलेला, आत नाना प्रांतांचे शिपाई, आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेस बकरी ईद. गोवधावरून शहरात हिंदू-मुसलमानांत जुंपावी, अशी आशा टेकडीवरील इंग्रज करीत होते. बादशहाने गोवधाची सक्त मनाई केली आणि तो दिवस शांततेने गेला. मेळ्यामुळेच हे घडले, असा दावा कोणी करू नये. इतिहासात कार्यकारणाचा दोरा इतका सरळ नसतो. परंतु जो राजा दरवर्षी दोन्ही दारांचा मान सांभाळीत आला, त्याचा शब्द त्या दिवशी दोघांनीही मानला, एवढे खरे. पुढे तो राजा रंगूनला गेला आणि १८६२ साली तेथेच वारला. मेहरौलीस आपल्या कबरीसाठी त्याने राखून ठेवलेली जागा, शाह आलम आणि अकबरशाह यांच्या शेजारी, तशीच रिकामी राहिली. मेळा मात्र बादशहाबरोबर गेला नाही. शहराने तो चालू ठेवला. १९४२ साली, चलेजावच्या धामधुमीत, इंग्रज सरकारने तो बंद केला.

येथे क्षणभर दिल्ली सोडून आपल्या घरी येऊ, कारण असा मेळा आपल्याकडेही होता. महाराष्ट्रातील मोहरमात हिंदू मोठ्या संख्येने सामील होत असत. ताबूत बसविणारे हिंदू होते, वाघाचे सोंग घेऊन नाचणारे हिंदू होते, नवस फेडणाऱ्या आयाबाया हिंदू होत्या. १८९३ च्या ऑगस्टात मुंबईस दंगा झाला, इतरत्रही कलागती झाल्या, आणि पुढच्याच वर्षी पुण्यातील पुष्कळ हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरविली. त्याच वेळी सार्वजनिक गणेशोत्सवाचा पसारा वाढला. त्या उत्सवाने लोकजागृती केली, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु एका मांडवाची गर्दी दुसऱ्या मांडवातून उठून आली होती, हेही इतिहासाने नमूद केले पाहिजे. कुरुंदवाडसारख्या गावी मशिदीत गणपती बसविण्याची चाल पुढे पडली, आणि तिचे कौतुक वर्तमानपत्रांत दरवर्षी छापून येते. कौतुक व्हावे लागते याचा अर्थच असा की ती गोष्ट विरळा आहे.

आमच्या लहानपणी, तालुक्याच्या गावी, ताबुतांची मिरवणूक आमच्या आळीतून जात असे. आजी पाण्याची घागर घेऊन दारात उभी राहून ताबुतापुढे पाणी ओती, आणि धाकट्या भावंडास ताबुताखालून काढून घेई. मोहरमाचे चोंगे घरी आले म्हणजे ते कोणाकडून आले हे विचारण्याची गरज पडत नसे. पुढे एके वर्षी दूरच्या कोठल्याशा शहरात दंगे झाले, आणि त्या साली मिरवणुकीचा रस्ता बदलला. आमच्या गावात कोणाचे भांडण झाले नव्हते, कोणी मनाई केली नव्हती. पुढच्या वर्षी आजीने घागर भरून ठेविली. मिरवणूक आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तिने घागर भरली नाही. आमच्या घरातून कोणी जाऊन विचारले असते, की यंदा आमच्या आळीतून का जात नाही, तर कदाचित रस्ता पुन्हा पूर्ववत झाला असता. विचारण्यास कोणी गेले नाही. आमचे वडील शिकलेले होते, उदार मताचे होते; तेही गेले नाहीत. अशा गोष्टी कोणी बंद करीत नाही, त्या बंद पडतात.

आता पुन्हा मेहरौलीस जाऊ. १९४७ च्या सप्टेंबरात दिल्ली पेटली. पंजाबातून सर्वस्व गमावलेले निर्वासित शहरात येत होते, आणि शहरातले मुसलमान पुराना किल्ला व हुमायूनची कबर येथील छावण्यांत जीव मुठीत धरून बसले होते. मेहरौलीचे मुसलमानही परागंदा झाले, आणि ख्वाजासाहेबांच्या दर्ग्याच्या संगमरवरी जाळ्या फोडण्यात आल्या. १३ जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींनी दिल्लीत उपोषण आरंभिले. ते त्यांचे शेवटचे उपोषण होय.

त्या उपोषणाच्या अटी आमच्या विद्यार्थ्यांस क्वचितच ठाऊक असतात. पंचावन्न कोटींचा वाद तेवढा ठाऊक असतो. दिल्लीच्या पुढाऱ्यांनी ज्या प्रतिज्ञेवर १८ जानेवारीस सह्या केल्या, तीत मुसलमानांस सब्जीमंडी, करोलबाग, पहाडगंज येथे निर्भयपणे फिरता येईल, बळकावलेल्या मशिदी परत केल्या जातील, गेलेले मुसलमान परत येऊ इच्छितील तर त्यांस अडथळा होणार नाही, अशी कलमे होती. आणि त्यांच्या बरोबरीने हेही कलम होते की, ख्वाजा कुतुबुद्दीन यांच्या दर्ग्याचा वार्षिक उरूस यंदाही नेहमीप्रमाणे भरेल. हा उरूस आणि फुलवाल्यांचा मेळा या निराळ्या गोष्टी. पहिला चांद्र तिथीने पुण्यतिथीस भरतो, दुसरा पावसाळ्याच्या अखेरीस. परंतु दर्गा तोच, आणि गर्दीही तीच. शेवटी असे लिहिले होते की, हे सर्व आम्ही पोलिसांच्या किंवा लष्कराच्या जोरावर नव्हे, तर आमच्या स्वतःच्या प्रयत्नाने करू.

प्राण पणास लावणाऱ्या माणसाने एका जत्रेची अट घालावी, याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. पण विचार करता तीत त्यांची सूक्ष्म दृष्टी दिसून येते. ‘एकमेकांवर प्रेम करा’ असे त्यांनी लिहून मागितले असते तर सह्या तत्काळ मिळाल्या असत्या, आणि त्यांचा उपयोग शून्य झाला असता. प्रेम झाले की नाही हे कोण तपासणार? उरूस भरला की नाही, हे मात्र कोणासही डोळ्यांनी पाहता येते. बायकामुलांस घेऊन, हातात फुलांची परडी घेऊन, निःशस्त्र माणसे कित्येक मैल वाट चालून एका ठिकाणी निर्धास्त जमतात की नाही, याहून नगराच्या आरोग्याची दुसरी खरी परीक्षा कोणती? मेळा हे सलोख्याचे औषध नव्हे. ती त्याची नाडी आहे.

उरूस भरला. २७ जानेवारी रोजी गांधीजी मेहरौलीस गेले. उपोषणाचा अशक्तपणा अद्याप गेला नव्हता. मुसलमानांबरोबर हिंदू आणि शीखही मोठ्या संख्येने दर्ग्यात आले होते. फोडलेल्या जाळ्या पाहून त्यांस दुःख झाले. शांततेने राहण्याची प्रतिज्ञा या पवित्र जागी करा, असे त्यांनी जमलेल्या लोकांस विनविले. पुढे तिसऱ्याच दिवशी त्यांचा खून झाला. ज्याने गोळ्या झाडल्या त्याची मातृभाषा मराठी होती. त्यानंतरच्या दिवसांत महाराष्ट्रात, त्याच्या जातीची म्हणून, निरपराधांची घरे जाळण्यात आली, आणि सूड शेजाऱ्यास ओळखत नाही याचा अनुभव आमच्या समाजासही आला. मेहरौलीची हकीकत परक्या गावची म्हणून आम्हास दूर ठेविता येत नाही, ती यासाठी.

फुलवाल्यांचा मेळा त्यानंतर बरीच वर्षे बंदच होता. १९६२ च्या सुमारास पंडित नेहरूंच्या उत्तेजनाने आणि काही दिल्लीकरांच्या खटपटीने तो पुन्हा सुरू झाला, आणि पुढे निरनिराळ्या प्रांतांचे पंखेही त्यात येऊ लागले. सरकारी आश्रयाने त्याचा थाट वाढला. जुना जीव कितपत राहिला, याविषयी मतभेद असू शकेल. मंडळे आणि मंत्री आले म्हणजे फुलवाला थोडा मागे सरतो, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

असो. आरंभी सांगितलेल्या दोन पक्षांकडे आता वळू. सण मिळून साजरे केल्याने सलोखा आपोआप उत्पन्न होतो, हे खरे नाही. शतकाहून अधिक काळ पंखे वाहणाऱ्या मेहरौलीतच जाळ्या फुटल्या. परंतु म्हणून ते सारे निष्फळ, हेही खरे नाही. ज्या दिवशी सर्व मोडले त्या दिवशी काय पुन्हा उभारावयाचे, हे सांगण्यास त्या मेळ्यावाचून दुसरी खूण नव्हती. ज्या गावात अशी खूणच नसते, त्या गावास आपले काय हरवले हेही कळत नाही. आमच्या तालुक्याच्या गावास ते कळले नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही मेहरौलीस गेलो होतो. अरुंद बाजारातून वाट काढीत दर्ग्याकडे जाताना फुलांची दुकाने लागतात. एका दुकानदाराने आमच्या कपाळावरील गंध पाहून, न विचारता, ‘देवळात जावयाचे की दर्ग्यात?’ असा प्रश्न हिंदीत केला. दोन्हीकडे, असे आम्ही सांगितले. त्याने दोन पुडे बांधले. दोन्ही पुड्यांत गुलाबच होते, आणि दोहोंची किंमतही सारखीच होती. आजीच्या घागरीची आठवण आम्हास तेथे झाली. ती घागर भरून मिरवणुकीच्या नव्या रस्त्यावर नेऊन ठेवणे काही कठीण नव्हते. ते अंतर दोन आळ्यांचे होते.